‘आम्ही’ केलेल्या कामात तुमचे किती?

पत्र : ‘मी सनदी लेखापाल असून गेली साडेचार वर्षे प्रभादेवीतील एका देशी मर्चंट बँकेच्या भागविक्री विभागात काम करतो. या काळात सात आयपीओंवर, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या जाहीर भागविक्रींवर, काम झाले, त्यांपैकी पाच कंपन्यांची बाजारात नोंदणी झाली. आता वांद्रे-कुर्ला संकुलातील एका परदेशी बँकेच्या विलीनीकरण व अधिग्रहण विभागासाठी हेडहंटरमार्फत विचारणा झाली आहे. तीन आठवड्यांनी पहिली फेरी असून दुसऱ्या फेरीत एक्सेलवर मॉडेल करून दाखवायचे आहे. विलीनीकरणाचे पूर्ण मॉडेल मी स्वतः कधीही केलेले नाही. सगळी पुस्तके काढून पहिल्यापासून वाचावीत का? चालू डीलबद्दल किती बोलावे? नोकरी का सोडता, याचे खरे उत्तर असे की कामाचे श्रेय वरिष्ठ घेतात आणि बोनस तुटपुंजा मिळतो; हे सांगावे का? नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, त्याचे काय करावे?’ — एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र येथे जागेअभावी संक्षेपाने दिले आहे. मूळ पत्र चार पानी होते आणि ते मी हातात पेन्सिल घेऊन वाचले. त्या चार पानांत ‘आम्ही’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे आणि ‘मी’ पाच वेळा. त्या पाचांतला एक ‘मी मुलुंडला राहतो’ या वाक्यातला आहे. ‘आम्ही कागदपत्रे तपासली’, ‘आम्ही किंमतपट्टा ठरवला’, ‘आम्ही सेबीच्या शंकांना उत्तरे दिली’ अशी वाक्ये वाचताना मला पलीकडच्या खुर्चीत बसून घेतलेल्या अनेक मुलाखती आठवल्या. पुस्तके किती वाचावीत हा तुमचा पहिला प्रश्न असला, तरी माझ्या मते तयारीची सुरुवात पुस्तकांपासून होत नाही, या एकोणीस खुणांपासून होते.

महाविद्यालयातून थेट घेतल्या जाणाऱ्या उमेदवाराला आणि दुसऱ्या बँकेतून येणाऱ्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारला, तरी तो विचारण्यामागचा हेतू निराळा असतो. पहिल्याला शिकवावे लागणार हे सर्वांना मान्य असते. दुसऱ्याला मात्र येत्या सोमवारपासून कामाला लावायचे असते, आणि त्यामुळे ‘या डीलबद्दल सांगा’ असे म्हणणाऱ्या माणसाला त्या डीलची गोष्ट नको असते. ती त्याने वर्तमानपत्रात वाचलेली असते, क्वचित ती डील त्याच्याच हातून निसटलेली असते. रात्री साडेअकरा वाजता आकडे जुळत नव्हते तेव्हा तुम्ही नेमके काय केलेत, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. आपल्या घरांत स्वतःची टिमकी वाजवू नये असे लहानपणापासून शिकवले जाते, त्यामुळे मराठी उमेदवार ‘मी’ म्हणायला संकोचतात, हे मी वारंवार पाहिले आहे. ‘आम्ही’ने भागले नाही की ते कर्मणी प्रयोगाच्या आडही लपतात. तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी ओघात, हे वाक्य आले आहे : ‘ग्राहकसंख्येच्या आकड्यांचा मेळ बसत नव्हता, तो शेवटी बसवला गेला.’ बसवला गेला, कोणी बसवला? पुढच्या दोन ओळींवरून दिसते की तो तुम्हीच बसवला होता.

हे वाक्य मला संपूर्ण पत्रातले सर्वांत मोलाचे वाटले, म्हणून त्यावर थोडे थांबते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबी या बाजारनियामक संस्थेने भागविक्रीच्या नियमांत, म्हणजे आपण ज्यांना आयसीडीआर म्हणतो त्यांत, दुरुस्ती करून प्रॉस्पेक्टसमधल्या, म्हणजे भागविक्रीच्या माहितीपत्रकातल्या, ‘इश्यू किमतीचा आधार’ या प्रकरणात कंपनीचे केपीआय, म्हणजे कामगिरीचे मुख्य निर्देशक, देणे, त्यांची नोंदणीकृत स्पर्धक कंपन्यांशी तुलना दाखवणे आणि आधीच्या १८ महिन्यांत समभागांचे मोठे व्यवहार कोणत्या भावाने झाले ते मांडणे सक्तीचे केले. आधीच्या तीन वर्षांत गुंतवणूकदारांना जे आकडे दाखवले गेले असतील, तेही त्यामुळे तपासणीखाली आले. तुमच्या हातातल्या त्या आयपीओच्या कंपनीने जुन्या गुंतवणूकदारांपुढील सादरीकरणात ‘सक्रिय ग्राहक’ म्हणून जी संख्या सांगितली होती ती आणि प्रॉस्पेक्टसच्या मसुद्यातील संख्या जुळत नव्हती. एका व्याख्येत वर्षातून एकदा खरेदी करणारा मोजला होता आणि दुसऱ्या व्याख्येत केवळ ॲप उघडणारा. हा फरक तुम्ही शोधलात, व्याख्या लेखी करून घेतलीत आणि लेखापरीक्षकांकडून प्रमाणित आकडा आणलात. अधिग्रहणाच्या कामात विक्रेत्याच्या आकड्यांकडे खरेदीदाराच्या वतीने पाहणाऱ्या माणसाला नेमके हेच करावे लागते. ‘मला विलीनीकरणाचा अनुभव नाही’ असे पत्राच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्या तुमच्या हातून तिसऱ्या पानावर त्याच कामाचा पाऊण भाग झालेला आहे.

म्हणून येत्या रविवारी सात कोरे कागद घ्या आणि प्रत्येक आयपीओसाठी एक याप्रमाणे ते भरा. कंपनी काय करते यासाठी दोन ओळी पुरेत. तिने पैसे का उभारले, भाव ठरवताना सर्वांत मोठी अडचण कोणती होती, त्या अडचणीत तुमचा हात कोठे लागला आणि आज तेच काम पुन्हा आले तर तुम्ही काय वेगळे कराल, यांवर उरलेला कागद खर्च करा. कर्त्याशिवाय एकही वाक्य ठेवू नका. ज्या डीलमध्ये तुमचे काम केवळ पिचबुकाची, म्हणजे ग्राहकापुढील सादरीकरणाची, पाने जुळवणे एवढेच होते, तेथे तसेच लिहा. सातपैकी दोन कागद जवळजवळ कोरे राहिले तर त्या दोन डील सीव्हीच्या तळाला न्या किंवा काढून टाका, कारण सीव्हीवरची ओळ म्हणजे त्यावर काहीही विचारा अशी परवानगी असते. बाजारात न आलेल्या दोन कंपन्या मात्र लपवू नका. मसुदा दाखल होऊनही इश्यू का अडला, बाजार पडला की प्रवर्तकांची भावाची अपेक्षा खाली येईना, याचे तटस्थ उत्तर देणारा उमेदवार यशस्वी इश्यूंची यादी वाचणाऱ्यापेक्षा अधिक लक्षात राहतो. तुमच्याच काळात, १ डिसेंबर २०२३ पासून, इश्यू बंद झाल्यानंतर सहाव्याऐवजी तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी नोंदणी सक्तीची झाली. ‘याने तुमच्या कामात काय बदलले?’ असे कोणी विचारले, तर परिपत्रक पाठ म्हणू नका. त्या तीन दिवसांत तुमच्या टेबलावर काय आधी होऊ लागले ते सांगा.

हे कागद मराठीत लिहिले तरी चालतील, परंतु बोलायचे इंग्रजीत आहे, तेव्हा ते इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहणे आवश्यक आहे. मनातल्या मनात उत्तर नेहमीच उत्तम जमते. प्रत्येक डील दोन मिनिटांत सांगून थांबायचे आणि पुढचा प्रश्न येऊ द्यायचा.

आता पुस्तकांविषयी. सगळे पहिल्यापासून वाचू नका. तीन आठवड्यांत ते होणार नाही, आणि झाले तरी भांडवलाच्या खर्चाचे सूत्र घडाघडा म्हणणारा पाचव्या वर्षाचा माणूस थोडा केविलवाणा दिसतो. तुमच्या कामातून विलीनीकरणाकडे जाणारे जे दोन-चार पूल आहेत, तेवढे पक्के करा. पहिला अगदी जवळचा आहे. एखाद्या कंपनीने ५०० कोटींचे नवे समभाग विकले, तर तिचे उद्योगमूल्य, ज्याला आपण ईव्ही म्हणतो (समभागांचे मूल्य अधिक कर्ज, वजा रोकड), कितीने वाढते? समभागांचे मूल्य ५०० कोटींनी वाढले, रोकडही तेवढीच वाढली, त्यामुळे त्या क्षणी ईव्ही जागच्या जागी राहते; आणि इश्यू संपूर्ण ‘ऑफर फॉर सेल’, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकणे, असेल, तर कंपनीच्या तिजोरीत काहीच येत नाही. ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाई मोटर इंडियाचा २७,८७० कोटींचा इश्यू असा पूर्णपणे ऑफर फॉर सेल होता, म्हणजे सारी रक्कम कोरियातील मूळ कंपनीकडे गेली. सात आयपीओ केलेला माणूस या प्रश्नावर अडखळला, तर पुढची मुलाखत केवळ सौजन्य म्हणून चालते.

दुसरा पूल प्रति समभाग उत्पन्नाचा, म्हणजे ईपीएसचा. तुम्हाला पूर्ण मॉडेल विचारण्याआधी बहुधा तोंडी हिशेब विचारला जाईल, तेव्हा एकदा कागदावर करून पाहा. खरेदीदाराचा नफा १०० कोटी, समभाग १० कोटी, म्हणजे ईपीएस १० रुपये. भाव २०० रुपये, म्हणजे पीई (भाव भागिले ईपीएस) २०. जिला विकत घ्यायचे त्या लक्ष्य कंपनीचा नफा ५० कोटी आणि किंमत ६०० कोटी, म्हणजे पीई १२. समभाग देऊन खरेदी केली, तर ३ कोटी नवे समभाग लागतील. एकत्रित नफा १५० कोटी, समभाग १३ कोटी, ईपीएस ११ रुपये ५४ पैसे. आता हेच ६०० कोटी ९ टक्क्यांच्या कर्जाने उभारा. व्याज ५४ कोटी, २५.१७ टक्के कर वजा जाता भार साधारण ४०.४ कोटी, उरलेला नफा १०९.६ कोटी आणि ईपीएस १० रुपये ९६ पैसे. अनेक उमेदवार ‘कर्ज नेहमी स्वस्त’ हे वाक्य पाठ करून येतात आणि येथे फसतात. २० च्या पीईला ईपीएसच्या हिशेबात समभागांची किंमत पडते ५ टक्के (१० भागिले २००) आणि कर्जाची करोत्तर किंमत पडते ६.७ टक्के, ज्या बाजारात भाव चढे आणि व्याजदरही चढे असतात, तेथे असे होणारच. पण एवढे सांगून थांबलात, तर अर्धेच गुण. समभाग दिले की विक्रेत्यांना नव्या कंपनीत १३ पैकी ३, म्हणजे २३ टक्के वाटा मिळतो, मात्र नफ्यात ते एक तृतीयांश भर घालतात. ते हे का मान्य करतील? त्यांच्या नफ्याची वाढ मंद आहे का, त्यात एखादे एकवेळचे उत्पन्न मिसळले आहे का? ईपीएस वाढला म्हणजे व्यवहार चांगला असे होत नाही, हे तुम्ही न विचारता बोललात, तर समोरचा माणूस खुर्चीत थोडा पुढे सरकेल. त्याने विलीनीकरणाची किती मॉडेल केलीत हे विचारले, तरी मग प्रामाणिक शून्य सांगायला हरकत नाही.

तिसरा पूल नियमांचा, आणि तेथे तुमचे पारडे जड आहे, कारण सेबीच्या भाषेची तुम्हाला सवय आहे. नोंदणीकृत कंपनीत २५ टक्के मतदानाचा हक्क मिळाला की २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार उरलेल्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते, हे सर्वांनाच ठाऊक असते. प्रवर्तकांकडून ५५ टक्के घेतले आणि ऑफरला पूर्ण प्रतिसाद मिळाला, तर बेरीज ८१ होते आणि किमान २५ टक्के सार्वजनिक भागधारणेचा नियम मोडतो. मग वरचा हिस्सा खाली आणावा लागतो, आणि म्हणून करारातच सुरुवातीला किती टक्के घ्यायचे याची आखणी करावी लागते. हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. सरावासाठी एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेच्या विलीनीकरणाची सार्वजनिक कागदपत्रे वाचा. ४ एप्रिल २०२२ रोजी घोषणा झाली, १ जुलै २०२३ रोजी ते अमलात आले आणि एचडीएफसीच्या २५ समभागांना बँकेचे ४२ समभाग मिळाले. घोषणेआधीच्या भावांवर हे प्रमाण स्वतः तपासून पाहा आणि मधल्या जवळजवळ पंधरा महिन्यांत रिझर्व्ह बँक, स्पर्धा आयोग, सेबी, भागधारक आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण यांच्या मंजुऱ्या कोणत्या क्रमाने आल्या ते मांडा. विलीनीकरणात काम करणाऱ्याचे निम्मे आयुष्य त्या क्रमात जाते.

एक्सेलच्या परीक्षेविषयी थोडेच सांगते. दोन-तीन तासांची वेळ असते आणि ताळेबंद जुळला की नाही हे प्रथम पाहिले जाते. एखाद्या किरकोळ विक्री करणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तीन रविवार घड्याळ लावून नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकडप्रवाह ही तीन कोष्टके उभी करा. किरकोळ विक्रीच मुद्दाम सांगते, कारण एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेपट्ट्यांचे लेखामानक लागू झाल्यावर दुकानांचे भाडे घसारा आणि व्याज यांत विभागले जाते व एबिटडा, म्हणजे व्याज, कर व घसारा यांच्या आधीचा नफा, फुगतो. तो फुगलेला एबिटडा घेऊन ईव्हीमध्ये भाडेपट्ट्यांचे देणे धरायला विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. टाकलेले आकडे निळे आणि सूत्रे काळी ठेवण्याची रीत पाळा, मात्र रंगरंगोटीत वेळ घालवू नका. ताळेबंद जुळला नाही, तर ‘इतर मालमत्ता’ या रकान्यात आकडा कोंबून तो जुळवू नका. काही वर्षांपूर्वी मी एका मुलीचे मॉडेल तपासले होते. वेळ संपली तेव्हा तिचा ताळेबंद ३.७ कोटींनी चुकत होता आणि तिने शेजारच्या चौकटीत लिहून ठेवले होते : ‘फरक ३.७ कोटी, बहुधा स्थगित करात, वेळ संपली.’ फरक खरोखरच स्थगित करात होता. त्या फेरीत ताळेबंद जुळलेले आणखी दोन उमेदवार होते. आम्ही तिला घेतले.

चालू डीलबद्दल किती बोलावे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर : काहीही बोलू नये. येथे मी स्वतःची फजिती सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी नरिमन पॉइंटला एका बँकेत मुलाखतीला गेले होते. बोलणे चांगले रंगले होते, खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि समोरच्या गृहस्थांवर छाप पाडण्याच्या भरात मी तेव्हा हाती असलेल्या, अजून जाहीर न झालेल्या व्यवहारातील ग्राहकाचे नाव घेतले. नाव पूर्ण उच्चारून होण्याआधीच मला कळले. त्यांनी पेनाचे टोपण लावले, वही मिटली आणि ‘चहा घेणार का?’ असे विचारले. चहा आला, पंधरा मिनिटे पावसावर बोलणे झाले, आणि त्या बँकेतून पुन्हा कधीही फोन आला नाही. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. मात्र त्या चहाची चव मला अजून आठवते.

आज तर प्रकरण चवीवर थांबणार नाही. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग प्रतिबंधक नियमांखाली किंमतसंवेदनशील अप्रकाशित माहिती कोणाकोणाला दिली याची डिजिटल नोंद ठेवावी लागते, आणि चालू डीलमध्ये तुमचे नाव त्या नोंदीत असते. म्हणून नोंदणी झालेल्या पाच कंपन्यांबद्दल प्रॉस्पेक्टसमध्ये छापून आलेले सर्व मोकळेपणाने बोला. अडलेल्या दोघांबद्दल मसुदा जाहीर झाला असेल तेवढेच बोला. आणि चालू कामाबद्दल ‘सध्या एका व्यवहारावर काम करतो आहे, त्याविषयी बोलता येणार नाही’ असे सांगून गप्प राहा. क्षेत्रही सांगू नका. मुंबईत क्षेत्र आणि बँक कळली की नाव ओळखायला दोन फोन पुरतात. समोरचा मुद्दाम खोदून विचारेल, कधी हसून विचारेल. तो माहितीसाठी विचारत असेल किंवा तुम्हाला जोखण्यासाठी. तुमचे उत्तर दोन्हीकडे एकच असावे. याच कारणाने जुने मॉडेल ‘नमुना’ म्हणून स्वतःच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह टाळा. कोणती फाइल कोठे गेली हे बँकांच्या यंत्रणेला दिसते, आणि नवी बँक तशी फाइल पाहून खूश होण्याऐवजी सावध होते.

नोकरी का सोडता? तुमचे खरे कारण मी खोटे ठरवत नाही. श्रेय आणि बोनस ही दोन्ही कारणे सोडून जाण्याइतकी मोठी असतात. परंतु ते बोलू नका, आणि त्यामागे केवळ शिष्टाचार नाही. मोठ्या आयपीओत एकाच इश्यूवर तीन-चार, कधी त्याहून अधिक मर्चंट बँका एकत्र काम करतात. मसुद्याच्या बैठकांना, वकिलांसोबतच्या लांबलचक कॉलना सगळ्यांची माणसे हजर असतात. तुमच्या वरिष्ठांना मुलाखत घेणारे लोक तुमच्याइतकेच ओळखत असण्याची शक्यता आहे, आणि तुम्हालाही त्यांच्यापैकी कोणी त्या कॉलवर ऐकलेले असेल. तेव्हा तक्रार केलीत, तर तिची शहानिशा त्याच संध्याकाळी होईल. त्याऐवजी दुसरे, तेवढेच खरे कारण सांगा, आणि ते तुमच्या पत्रात आहे : भाव ठरून इश्यू बाजारात गेला की तुमचे काम संपते, आणि कंपनी पुढे ते पैसे घेऊन कोणाला विकत घेते, का घेते, हे तुम्हाला बाहेरून पाहावे लागते; तुम्हाला ते आतून करायचे आहे. हे वाक्य पाठ करू नका. सातपैकी एखाद्या कंपनीने नोंदणीनंतर खरोखर अधिग्रहण केले असेल, तर तिचे उदाहरण द्या आणि तो व्यवहार तुम्हाला पटला की नाही तेही सांगा.

पगार आणि नोटीस यांचा विषय पहिल्या फेरीत तुम्ही काढू नका. हेडहंटर तो काढेलच. त्याला मात्र आकडे खरे सांगा, कारण पुढे पगारपत्रके मागितली जातात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून नोकरीच्या तारखाही पडताळल्या जातात. तुमच्या देशी बँकेचे वर्ष मार्चअखेर संपते व बोनस त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत हाती पडतो. बहुतेक अमेरिकी व युरोपीय बँकांचे वर्ष डिसेंबरला संपते. मध्येच उडी मारली, तर एकीकडचा बोनस बुडतो आणि दुसरीकडचा अर्ध्या वर्षाचा मिळेल की नाही हे संदिग्ध राहते, तेव्हा तो प्रश्न ऑफर येताच विचारून उत्तर लेखी घ्या. बुडणाऱ्या बोनसच्या बदल्यात जॉइनिंग बोनस दिला जातो, पण एक-दोन वर्षांत सोडल्यास तो परत करण्याचे कलम सोबत असते. ते वाचूनच सही करा. सोडून गेल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, असे बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या २७ व्या कलमामुळे आपल्याकडे सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे बंधन, नोटीस काळातील बंधने आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरण्याची अट यांचे तसे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

तुमच्या बाबतीत ९० दिवसांची नोटीस एका अर्थी फायद्याची ठरू शकते. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते आणि तुमची साडेचार झाली आहेत. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले, तर ते वर्ष पूर्ण धरावे असा अर्थ काही निवाड्यांत लावला गेला आहे. तुमची मनुष्यबळ शाखा काय धरते हे राजीनाम्याआधी तिच्या धोरणपत्रात पाहा, तोंडी विचारू नका, नाहीतर विचारल्याचीच बातमी होईल. आणि राजीनामा लेखी ऑफर हाती आल्याशिवाय व पूर्वपडताळणी पूर्ण झाल्याशिवाय देऊ नका, नवी बँक कितीही घाई करो. घाई असेल, तर नोटीसचे दिवस विकत घेण्याचा खर्च ती करू शकते.

मुलाखतीच्या दिवसाबद्दल एकच सूचना. प्रभादेवीहून जाणार असाल, तर सिद्धिविनायक स्थानकातून भुयारी मेट्रोने थेट बीकेसीला उतरता येते, तेव्हा कुर्ल्याच्या किंवा वांद्र्याच्या रिक्षांच्या रांगेवर भरवसा ठेवू नका. कोट-टाय मात्र पिशवीत न्या आणि तेथे पोहोचल्यावर घाला. एरवी बाह्या दुमडून येणारा माणूस बुधवारी अचानक टाय लावून ‘दंतवैद्याकडे जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा आमच्या व्यवसायात सगळ्यांना सगळे कळते.

ते सात कागद भरून झाले की त्यांतला एक मला पाठवा. आकडे आणि कंपनीचे नाव खोडून. यावेळी पेन्सिलीने मी फक्त ‘आम्ही’ मोजणार आहे.